चार सांगून सात उतरतात, आणि सोमवारी एक तारा

दापोलीजवळच्या मुरुडला आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. घरामागे नारळ-सुपारीची वाडी, वाडी संपली की चिऱ्यांचा गडगा, त्यापलीकडे सुरूचं बन आणि समुद्र. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत बहुतेक शनिवार भरलेले असतात, आणि कित्येक वर्षं त्या शनिवारी एकच प्रकार घडायचा. फोनवर चार माणसं सांगितलेली असायची, गाडीतून सात उतरायची. जादा माणसांचे पैसे सांगितले की चेहरे उतरायचे. रात्री अकराला वाडीत स्पीकर लागायचा, बंद करायला सांगितलं की पुन्हा कुरबुर. रविवारी निघताना "काकू, छान झालं हं सगळं" म्हणून निरोप, आणि सोमवारी दुपारी गूगलवर एक तारा. खाली दोन ओळी: मालक पैशाला हपापलेले, सारखे टोकतात.

किनाऱ्यावर ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्यांना हे सांगायला नको. आमच्याकडे हा प्रकार आता बराच कमी झाला आहे, पूर्ण थांबलेला नाही. कशाने कमी झाला ते सविस्तर लिहिते. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं असतं तर तीन-चार मोसमांचा मनस्ताप वाचला असता.

आधी काय चुकलं ते. पहिला उपाय म्हणून आम्ही पाटी लावली. ओटीवर, लाल अक्षरांत, सतरा नियम, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी "सक्त मनाई आहे". त्याने वाद वाढले. घरात पाऊल टाकताक्षणी माणसाला सतरा वेळा 'नको' वाचायला लागलं की तो पाहुणा उरत नाही, गुन्हेगारासारखा वागवल्याची भावना घेऊन खोलीत जातो. मग दोन हजार रुपये अनामत घ्यायला लागलो. ती परत देताना चादरीवरचा डाग कुणी पाडला यावरून नवा वाद. शेवटी "फक्त कुटुंबांसाठी" असं लिहून टाकलं, म्हणजे मुलांचे गट टळतील. ते तर साफ चुकलं. सर्वांत मोठा आवाज करणाऱ्यांत मोठी कुटुंबंच निघाली, आणि एकदा पुण्याहून आलेले चार इंजिनिअर मुलगे सकाळी उठून ह्यांच्याबरोबर वाडीला शिंपणं करत होते. ती ओळ आम्ही काढून टाकली.

त्यानंतर एका मोसमात मी वही घातली. झालेला प्रत्येक वाद त्यात लिहायचा: कशावरून झाला, किती वाजता झाला, आणि हा नियम पाहुण्याच्या कानावर पहिल्यांदा कधी पडला. तिसरा रकाना मी सहज म्हणून आखला होता, पण उत्तर त्यातच सापडलं. जवळपास प्रत्येक भांडणात तो नियम पाहुण्याने गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा ऐकला होता. जादा गादीचे सहाशे रुपये फोनवर सांगितले तर माणूस म्हणतो, "बरं". तेच सहाशे फाटकात, सासू-सासऱ्यांच्या आणि मित्रांच्या देखत सांगितले की त्याला आपण पकडले गेलो असं वाटतं. रक्कम तीच असते. म्हणून सगळा जोर फाटकावरून काढून फोनवर आणायचा, एवढं ठरवलं.

फोनवर आम्ही विचारायचो, "किती जण आहात?" हा प्रश्नच चुकीचा होता. समोरचा खोटं बोलत नसतो. त्याच्या मनात 'माणसं' म्हणजे मोठी माणसं. मुलं तो मोजत नाही, आजी "ती काय, कोपऱ्यात झोपेल" म्हणून मोजत नाही, आणि ड्रायव्हर तर कुणीच मोजत नाही. शिवाय फोन करणारा एक असतो आणि बेत ठरवणारे दुसरेच. त्याने मंगळवारी फोन केला तेव्हा चारच असतात, गुरुवारी मेहुणा "आम्हीही येतो" म्हणतो, आणि ते आपल्याला कळवायचं त्याच्या डोक्यात येत नाही.

आता मी विचारते, "गाडीतून उतरणारी माणसं किती, ड्रायव्हर धरून? त्यांत मुलं किती आणि वयं काय? गाद्या किती घालू? ताटं किती वाढू?" गाद्या आणि ताटं म्हटलं की माणूस आपोआप नीट मोजतो. अकरा वर्षांचा मुलगा पूर्ण ताट जेवतो आणि त्याला गादीही लागते, हे आई-बापांना माहीत असतंच, फक्त तसं विचारावं लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांचं आम्ही काही घेत नाही, पाच ते दहा वयाला अर्धं ताट. हे सांगितल्यावर बहुतेक जण स्वतःहून वयं सांगतात.

फोन ठेवला की लगेच व्हॉट्सअॅपवर निरोप जातो. हा निरोप मी बऱ्याच वेळा बदलला. मुख्य गोष्ट अशी की तो त्या माणसाला त्याच्या ग्रुपवर जसाच्या तसा पुढे पाठवता आला पाहिजे. त्यात "सक्त" किंवा "अन्यथा" आलं की तो पुढे जात नाही, कारण आपण कुठल्या कडक ठिकाणी नेतोय असं नातेवाइकांना दिसू नये असं त्याला वाटतं. सध्याचा निरोप असा आहे:

"नमस्कार. शनिवारी तुम्ही सहा जण येताय: मोठे चार, एक मुलगी ११ वर्षांची, एक मुलगा ४ वर्षांचा. दोन खोल्या, एक जादा गादी, पाच ताटं. एकूण रक्कम खाली लिहिली आहे. कुणी वाढलं तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा, त्याप्रमाणे मासे आणि नारळ आणता येतात. जादा माणसाचे गादी-नाश्त्यासह ६००, जेवण वेगळं. खोली दुपारी १२ ला मिळते. लवकर पोचलात तर पडवीत बसा, बाहेरच्या न्हाणीत आंघोळ करा, पोहे तयार असतील. रात्री १० नंतर वाडीत गाणी नकोत, शेजारी आजी आजारी आहेत. आमच्याकडे दारूचा परवाना नाही, त्यामुळे ती पुरवत नाही आणि जेवणाच्या पडवीत चालत नाही. विहिरीचं पाणी थोडं मचूळ आहे, पिण्याचं वेगळं ठेवतो. वीज गेली तर दिवे-पंखे चालतात, एसी चालत नाही. वाचलंत की 'ठीक' एवढं कळवा."

शेवटचं "ठीक" महत्त्वाचं. ते आलं नाही तर शुक्रवारी मी फोन करते. भांडणात पुरावा म्हणून दाखवायला ते मी मागत नाही, आजवर कुणाला दाखवलेलंही नाही. पण ज्याने "ठीक" लिहिलं तो शुक्रवारी आठवणीने "काकू, दोन वाढले" असं कळवतो.

सतरा नियमांचे पाच केले. ज्या नियमाला मला कारण सांगता येईना तो काढला. "ओले कपडे कठड्यावर वाळत घालू नयेत" हा मी स्वतःच काढला, कारण दोरी नव्हती. दोन माडांमध्ये दोरी बांधली, प्रश्न संपला. "वाळूचे पाय घेऊन आत येऊ नये" याचंही तेच. फाटकाच्या आत नळ आणि बसायला चिरा ठेवला, शेजारी काथ्याचं पायपुसणं. न्हाणीची जाळी वाळूने तुंबायची ती त्या महिन्यापासून थांबली. तुमच्या पाटीवरचा प्रत्येक नियम घेऊन बघा, तिथे नळ, दोरी, खुंटी, बादली किंवा दिवा देऊन भागतं का. निम्मे नियम असे संपतात.

माणसांची कमाल संख्या मात्र आम्ही सोडलेली नाही. एकावेळी बारा. आमची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा त्या हिशोबाने बांधलेले आहेत, आणि विहीर वीस पावलांवर आहे. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, त्यात पंधरा माणसं आंघोळीला उभी राहिली की वाडीला पाणी उरत नाही. हे कारण असंच्या असं सांगितलं की माणसं ऐकतात. "आमच्याकडे परवानगी नाही" असं मोघम म्हटलं की घासाघीस सुरू होते.

इतकं करूनही सात उतरतातच कधीकधी. त्या वेळी काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी सगळ्यांना बसवायचं, कोकम सरबत द्यायचं, सातही जणांना. पैशाची गोष्ट पहिली पंधरा मिनिटं काढायची नाही. मग ज्याने फोन केला होता त्याला एकट्याला, सामान दाखवायच्या निमित्ताने खोलीकडे न्यायचं आणि सांगायचं, "दादा, आपण चार बोललो होतो, आता सात आहेत. तीन गाद्या घालते, एकूण एवढे वाढतील. नाहीतर मागची खोली रिकामी आहे, ती घेतलीत तर आरामात झोपाल. कसं करू?" दोन पर्याय द्यायचे आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा. चारचौघांत त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही. बारावर आकडा जात असेल तर शेजारच्या आळीतल्या दोन घरांशी आमचं बोलणं आहे. तिकडे झोपायची सोय, जेवण आमच्याकडे. त्यांच्याकडे गर्दी झाली की ते आमच्याकडे पाठवतात. हे नातं मोसम सुरू व्हायच्या आधी जुळवून ठेवावं, शनिवारी संध्याकाळी सातला फोन फिरवून काही होत नाही.

ओळखपत्राचंही इथेच होऊन जातं. प्रत्येक मोठ्या माणसाचं बघतो, वहीत नोंद करतो. आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली प्रत मिळते, तीच आम्ही मागतो, आणि कुणाच्या आधारचे फोटो मोबाइलमध्ये साठवत नाही. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, त्यात हयगय करू नये. जोडप्यांबद्दल आळीत बरीच चर्चा होते, म्हणून स्पष्ट लिहिते: दोघंही सज्ञान असतील आणि ओळखपत्रं असतील तर लग्नाचा दाखला आम्ही मागत नाही. कायद्यात तशी अट नाही, आणि दारात आलेल्या मुलीला चारचौघांत असले प्रश्न विचारणं मला पटत नाही.

रात्रीचा आवाज. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे, पण तो घोकून दाखवल्याने कुणी स्पीकर बंद केल्याचं मला आठवत नाही. उपयोग होतो तो साडेनऊला जाण्याचा. दहाला गेलं तर आपण बंद करायला आलेले असतो. साडेनऊला चहा किंवा ताक घेऊन गेलं आणि सहज म्हटलं, "अजून अर्धा तास ऐका, दहाला आजींची झोपेची वेळ," की दहाला आपोआप बंद होतं. जागायचंच असेल तर मी त्यांना गडग्याच्या टोकाला खुर्च्या टाकून देते, समुद्राच्या गाजेत गप्पांचा आवाज घरापर्यंत येत नाही. एकच दक्षता घ्यावी: दमलेल्या आणि चिडलेल्या माणसाने जाऊ नये. आमचे हे दिवसभर वाडीत राबलेले असतात, रात्री त्यांचा आवाज चढतो, म्हणून ते काम माझं. दोनदा सांगूनही ऐकलं नाही, शिवीगाळ झाली, तर ११२ ला फोन करायचा. आजवर एकदाच करावा लागला.

मासळीवरून वाद फक्त भाव आधी न सांगितल्याने होतात. हर्णैच्या बंदरात लिलावात जो भाव फुटेल तो, रोज वेगळा. आम्ही संध्याकाळी लिलावातूनच फोन करतो, "सुरमई आज अशी आहे, बांगडा असा, काय घेऊ?" १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात येणाऱ्यांना हे बुकिंगलाच सांगून टाकावं आणि बिरड्याच्या उसळीचं, फणसाच्या भाजीचं आमंत्रण द्यावं.

आता ताऱ्यांबद्दल.

माझं पहिलं उत्तर मी रात्री साडेअकराला रडत लिहिलं होतं. "तुम्ही चार सांगून सात आलात, दारू पिऊन गोंधळ घातलात, तरी आम्ही सहन केलं. खोटं लिहू नका." शब्द न् शब्द खरा होता. दोन महिन्यांनी नाशिकच्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "तुमचं ते उत्तर वाचलं आणि आम्ही दोनदा विचार केला." एक तारा त्यांनी मनावरच घेतला नव्हता, धास्ती घेतली होती ती माझ्या उत्तराची. उद्या आपल्याबद्दलही काकू असंच चारचौघांत लिहितील, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून मगच टाकायचं, असा नियम मी स्वतःला घातला. उत्तर त्या माणसासाठी लिहायचंच नाही, पुढच्या आठवड्यात खोली शोधणाऱ्या कुटुंबासाठी लिहायचं. चार ओळी, आणि पाहुण्याची कोणतीही खासगी गोष्ट त्यात येता कामा नये: किती जण आले, काय प्याले, कोणाबरोबर आले, काहीही. त्याच तक्रारीला आज मी असं उत्तर देईन:

"आमच्याकडे राहिलात, आभारी आहोत. जादा रक्कम आल्यावर सांगावी लागली, ती आधीच स्पष्ट व्हायला हवी होती. आता बुकिंगच्या वेळीच सगळा हिशोब लिहून पाठवतो. न्हाणीत पाणी तुंबल्याचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर होतं, जाळी बदलली आहे."

त्या न्हाणीच्या वाक्याकडे माझं दोन वर्षं लक्षच गेलं नव्हतं. रागाच्या भरात मी फक्त "पैशाला हपापलेले" वाचत राहिले. म्हणून आता एक तारा आला की त्यातलं खरं वाक्य आधी शोधते, आणि ते बहुधा सापडतं. "फोटोत दाखवतात तसं काहीच नाही" असं तिघांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलं होतं, आणि तिघेही उगाच त्रास देतात असं आम्ही धरून चाललो होतो. फोटो काढून पाहिले. ते ३ जून २०२० च्या आधीचे होते. निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी आणि बरेच माड आडवे झाले. फोटोत गर्द सावली होती, पाहुण्यांना दिसत होतं मोकळं आकाश आणि कमरेएवढी नवी रोपं. आमच्या डोळ्यांना ती जुनी वाडी अजून तिथेच दिसत होती, म्हणून कळलं नाही. नवे फोटो टाकले, खाली वादळाचं आणि नव्या लागवडीचं दोन ओळींत लिहिलं. त्या विषयावर पुन्हा तक्रार नाही, उलट माणसं येऊन रोपं बघून जातात.

खोटा किंवा घाणेरडा अभिप्राय आला तर गूगलकडे तक्रार करता येते. पण तो निघतो तो शिवीगाळ, धमकी, चुकून दुसऱ्याच ठिकाणाबद्दल लिहिलेलं, न आलेल्या माणसाने किंवा स्पर्धकाने टाकलेलं, अशा कारणांनी. "जेवण आवडलं नाही" हे मत आहे, ते निघत नाही, त्यासाठी वेळ घालवू नये. "इतके कमी करा, नाहीतर एक तारा देईन" असं कुणी म्हटलं तर बोलणं फोनवरून व्हॉट्सअॅपवर आणावं, म्हणजे लेखी राहतं, आणि पैसे कमी करू नयेत. एअरबीएनबीवर घर असेल तर तिथे दोन्ही बाजूंना लिहायला १४ दिवस असतात आणि दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकमेकांचं दिसत नाही, त्यामुळे पाहुणा काय लिहील या भीतीने गप्प बसू नये.

भाऊ-भाच्यांकडून पाच तारे लिहून घेणं आम्हीही एकदा केलं होतं. ते सगळे काढले. सवलत देऊन तारे मिळवणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे भारतीय मानक २०२२ मध्ये आलं तेही खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठीच. त्यापेक्षा रविवारी निघताना मी सगळ्यांनाच, खूश असोत वा नसोत, एक प्रश्न विचारते: "एक गोष्ट सांगा, जी पुढच्यांसाठी सुधारायला हवी." "काही नाही, छान होतं" असं म्हणाले तरी मी थांबते. मग हळूच येतं: उशी कडक होती, मागच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, गरम पाणी सकाळी आठनंतर संपलं. हे रविवारी ओटीवर ऐकलं तर सोमवारी वाचावं लागत नाही. गरम पाण्याचं त्यातूनच कळलं. आता तांब्याचा बंब पुन्हा पेटवतो, मुलांना त्यात काटक्या घालायला फार आवडतं.

एक रात्र अजून आम्हाला जमलेली नाही, ३१ डिसेंबर. फोनवर विचारून, निरोप पाठवून, साडेनऊला ताक नेऊनही त्या रात्री दहाला गाणी बंद होत नाहीत, आणि बारापर्यंत चालू द्यावीत तर शेजारच्या आजींना त्रास. दोन वर्षं प्रयत्न केला, तिसऱ्या वर्षी ती रात्र बुकिंगसाठी बंद केली. वर्षानुवर्षं येणारी दोन कुटुंबं तेवढी असतात. नुकसान होतं, मोसमातला सर्वांत चढा दर त्याच रात्रीचा असतो. कुणाला ती रात्र शेजाऱ्यांना न दुखावता पार पाडता आली असेल तर कशी, ते मला जरूर सांगा.